दाराला तिकीट, की खजिन्याला?

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमध्ये, शिरायला पैसे घ्यावेत का, हा वाद निघाला की दर वेळी त्याच दोन वाक्यांवर येऊन थांबतो. एक बाजू म्हणते, देवाच्या घरात जायला पैसे कसले? दुसरी म्हणते, विमानाचं तिकीट काढून येणाऱ्याला पाच युरो जड जातात होय? ऑक्टोबर २०२४ मध्ये, आगीनंतरची दुरुस्ती संपत आलेली असताना, फ्रान्सच्या तेव्हाच्या सांस्कृतिक मंत्री राशिदा दाती यांनी हे पाच युरो सुचवले. पॅरिसच्या धर्मप्रांतानं, म्हणजे तिथल्या बिशपच्या कारभारानं, लगेच नकार दिला. त्यानंतर जे लिहिलं-बोललं गेलं त्यात श्रद्धा आणि हिशेब यांची नुसती कुस्ती चालली. इमारत कशी बांधली आहे, चित्रं कशानं खराब होतात, माणसं आत गेल्यावर नेमकं काय करतात, याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. मध्ययुगीन चर्चच्या मुख्य दाराला तिकीट लावू नये. खजिना, तळघर, मनोरा, मौल्यवान चित्र असलेलं बंदिस्त चॅपल (छोटं प्रार्थनादालन) यांना जरूर लावावं, आणि तिथं एका वेळी किती माणसं आत जातील यावर कडक मर्यादा घालावी. भाविक आणि पर्यटक यांची सरमिसळ त्रासदायक होत असेल, तर जागा वाटून द्यावी, वेळ वाटून द्यावी. दारात माणसं निवडत बसू नये.

तिकीटवाल्यांची बाजू कच्ची नाही. दाती यांचा हिशेब असा होता: वर्षाला दीड कोटी माणसं, प्रत्येकी पाच युरो, म्हणजे साडेसात कोटी युरो. हा पैसा नोत्र दामवर खर्च करायचा नव्हताच. तो देशभरातल्या पडायला आलेल्या चर्चसाठी होता. फ्रान्समध्ये १९०५ पूर्वी बांधलेली सुमारे चाळीस हजार चर्च त्या-त्या गावाच्या नगरपालिकेच्या मालकीची आहेत. लोकवस्ती तीनशे, चर्च तेराव्या शतकातलं, छताला गळती, आणि पालिकेचं वर्षाचं सगळं अंदाजपत्रक एका छताच्या दुरुस्तीएवढं, ही तिथल्या कितीतरी गावांची स्थिती आहे. दुसरीकडे पॅरिसमधल्या एका इमारतीसाठी २०१९ च्या आगीनंतर सुमारे ८४.६ कोटी युरो जमा झाले, आणि मुख्य जीर्णोद्धार आटोपल्यावरही त्यातले काही कोटी उरले. ज्या चर्चकडे सगळं जग येतं त्यानं ज्यांच्याकडे कुणीच येत नाही त्यांना हात द्यावा, ही मागणी गैर कशी म्हणणार? शिवाय विंचेस्टर, यॉर्क, तोलेदो, बुर्गोस, मिलान अशा कितीतरी ठिकाणी पर्यटकांकडून पैसे घेतात आणि तिथली श्रद्धा काही बुडालेली नाही.

तरीही हा हिशेब कागदावरच बरा दिसतो. दीड कोटी गुणिले पाच हे उत्तर तेव्हाच येतं, जेव्हा आत शिरणारा प्रत्येक जण पैसे देतो. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, येणाऱ्यांना माफी द्यावी लागणार, मुलांना द्यावी लागणार, आणि फ्रान्समधल्या सरकारी स्मारकांचा शिरस्ता पाळला तर युरोपीय संघातल्या २६ वर्षांखालच्या तरुणांनाही. मग तिकीट खिडक्या, तपासनीस, अडथळे, परताव्याच्या तक्रारी, ऑनलाइन यंत्रणा यांचा खर्च वजा करायचा. त्याहून मोठी अडचण कायद्याची. ९ डिसेंबर १९०५ च्या ज्या कायद्यानं फ्रान्समध्ये राज्य आणि धर्म वेगळे केले, त्याच्या सतराव्या कलमातच लिहिलं आहे की या इमारती आणि त्यांतल्या संरक्षित वस्तू पाहणं सर्वांना खुलं राहील आणि त्यावर कुठलाही कर किंवा शुल्क आकारता येणार नाही. म्हणजे फुकट प्रवेशाचा हट्ट पाद्र्यांनी आज धरलेला नाही. कॅथीड्रलांची मालकी स्वतःकडे ठेवणाऱ्या धर्मनिरपेक्ष सरकारनंच तो शब्द दिला होता. इमारत तुमची राहिली नाही, पण ती लोकांपासून तोडली जाणार नाही, असा तो व्यवहार होता. सव्वाशे वर्षांनी त्यातला सोयीचा अर्धा भाग ठेवून उरलेला मोडायचा असेल, तर निदान तसं उघड म्हणायला हवं.

इंग्लंड घेतं, स्पेन घेतं, मग फ्रान्सनं का घेऊ नये, हा प्रश्नही मालकी पाहिल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही. लंडनची वेस्टमिन्स्टर ॲबे सरकारकडून नियमित अनुदान घेत नाही. तिचा गाडा मुख्यतः तिकिटांवर चालतो. यॉर्क मिन्स्टरची पूर्वेकडची महाखिडकी जॉन थॉर्न्टन यानं १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत घडवली. तिची तीनशेहून जास्त काचफलकं उतरवून, साफ करून, बाहेरच्या बाजूनं हवा खेळती राहील असं संरक्षक काचेचं आवरण लावून परत बसवायला दहा वर्षं लागली. काम २०१८ मध्ये संपलं. हे काम जी संस्था पार पाडते तिला 'दार उघडं ठेवा' म्हणून उपदेश करणं सोपं आहे. पण इंग्लंडची ही व्यवस्था गरजेतून आलेली आहे, आदर्श म्हणून नाही, आणि ती तिथंही कधी निमूटपणे स्वीकारली गेली नाही. ॲबेत पैसे घेण्यावर इंग्रज निबंधकार चार्ल्स लॅमनं १८२३ मध्येच जाहीर टीका केली होती. फ्रान्समध्ये कॅथीड्रलच्या भिंती, छत, काचा यांचा खर्च मालक म्हणून सरकार, म्हणजे करदाता, आधीच उचलतो. स्पेनमध्ये चित्र आणखी वेगळं. कोर्दोबाची जुनी मशीद, जी आज कॅथीड्रल आहे, ती धर्मप्रांतानं २००६ मध्ये स्वतःच्या नावावर नोंदवली आणि त्यावरून अजून वाद धुमसतो आहे, कारण तिकिटाचे पैसे ज्याच्या नावावर इमारत त्याच्याकडे जातात. दाराशी गल्ला आला की मालकीचा प्रश्न त्याच्यामागोमाग येतोच. रोमचं पँथिऑन सातव्या शतकापासून चर्च आहे. जुलै २०२३ मध्ये तिथं पाच युरोंचं तिकीट सुरू झालं, तेव्हा सत्तर टक्के मंत्रालयाला आणि तीस टक्के रोमच्या धर्मप्रांताला, अशी वाटणी आधी करारात लिहावी लागली.

आता दारात माणसं निवडण्याकडे येऊ. तिकीट लावणारी सगळी चर्च एक वाक्य हमखास जोडतात: प्रार्थनेसाठी येणाऱ्यांना प्रवेश मोफत. ऐकायला उदार वाटतं. पण ते अमलात आणायचं म्हणजे दारावर उभ्या माणसानं येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे, गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे, कातडीच्या रंगाकडे बघून ठरवायचं की हा भाविक की पर्यटक. केरळहून आलेली कॅथलिक नर्स, वसईचं ख्रिस्ती कुटुंब, पर्यटक म्हणून आलेला पण आत शिरल्यावर एखाद्या बाकावर नुसता बसून राहिलेला हिंदू म्हातारा, यांना कुठल्या रांगेत घालणार? मध्ययुगीन चर्चमध्ये येणाऱ्यांत सगळ्यांत मोठा गट असा सरमिसळच असतो. पाहता पाहता मेणबत्ती लावणारे, प्रार्थना झाल्यावर खांबावरचे कोरीव चेहरे न्याहाळणारे. त्यांना कुठलाच शिक्का बसत नाही.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण पोलंडमधल्या क्राकोवच्या सेंट मेरी चर्चचं. तिथं व्हाइट श्टोस यानं १४७७ ते १४८९ अशी बारा वर्षं राबून लाकडात कोरलेली महावेदी आहे. उंची सुमारे तेरा मीटर, रुंदी अकरा, मुख्य आकृती माणसापेक्षा मोठ्या. नाझींनी ती उचलून न्यूरेंबर्गला नेली, युद्धानंतर ती पोलंडला परत आली, आणि चर्चमध्ये पुन्हा उभी राहायला १९५७ उजाडलं. एरवी सकाळी ११.५० ला तिची दारं, म्हणजे कडेचे मिटणारे कोरीव फलक, उघडतात. ज्यांना ते पाहायचं असतं त्यांनी पाच-दहा मिनिटं आधी पुढच्या बाकांवर जागा धरावी, कारण मागून फक्त डोकी आणि फोन दिसतात. पण पुढच्या बाकांपर्यंत पोचायला बाजूच्या दारानं, तिकीट घेऊन यावं लागतं. प्रार्थनेसाठी आलेल्याला समोरच्या मुख्य दारातून फुकट सोडतात खरं, पण त्याची हद्द मागच्या भागातच संपते. म्हणजे ज्याच्यासाठी वेदी कोरली तो लांबून पाहणार आणि पैसे भरणारा तिच्या पायाशी. पैसे भरून लवकर दर्शन मिळवण्याच्या पासावरून आपल्याकडे जे वाद होतात ते ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना ही व्यवस्था फोडून सांगायला नको.

तिकिटाचे समर्थक इथं इतिहास काढतात. मध्ययुगात तरी धर्म कुठे फुकट होता? यात्रेकरूंच्या दानपेट्या, संतांच्या अवशेषांपुढचे चढावे, टिनाची यात्राचिन्हं विकणारी दुकानं, पापमुक्तीचे कागद, सगळं होतंच की. फ्रान्समधल्या रूआँच्या कॅथीड्रलचा एक मनोरा आजही 'लोण्याचा मनोरा' म्हणून ओळखला जातो, कारण उपवासाच्या काळात लोणी खायची सूट मिळावी म्हणून लोकांनी दिलेल्या पैशातून तो उठला, असं सांगतात. मुद्दा रास्त आहे. मध्ययुगीन चर्च व्यवहारात कच्चं कधीच नव्हतं. पण पैसा कुठे घेत होते ते पाहा. मेणबत्तीला, अवशेषाला, सवलतीला, कबरीच्या जागेला. दाराला नाही. इंग्लंडच्या गावचर्चमध्ये तर खर्चाचीही वाटणी ठरलेली होती: वेदीकडचा भाग धर्मगुरूनं राखायचा आणि लोक उभे राहायचे तो मोठा मधला भाग, म्हणजे नेव्ह, गावानं. मधे लाकडी जाळीचा पडदा. नेव्ह शब्दशः लोकांच्या खर्चानं उभा होता. तिथं गावाच्या सभा होत, सणाची मद्यपानंही होत. फ्रान्समधल्या शार्त्र कॅथीड्रलच्या रंगीत काचेच्या खिडक्यांच्या तळाशी तेराव्या शतकातले पावभट्टीवाले, चांभार, कातडीचे व्यापारी आपापलं काम करताना रंगवले आहेत. त्या खिडक्यांच्या देणग्या नेमक्या कुणी आणि कशा दिल्या यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण गावातल्या बाजाराला त्या काचेत जागा होती, हे नजरेला दिसतं. त्या खिडक्या खालून वर वाचायच्या असतात आणि वरच्या खणांसाठी दुर्बीण लागते. तिथल्या जमिनीवरच्या प्रसिद्ध चक्रव्यूहावर एरवी खुर्च्या असतात, वसंत ते शरद या काळात शुक्रवारी त्या हलवतात. हे सगळं कुठल्याही तिकिटाशिवाय. तिथं पैसे घेतात ते तळघराचे आणि मनोऱ्याचे.

गर्दीचा प्रश्नही आजचा नाही, आणि त्यावरचं उत्तर दगडात बांधलेलं आहे. पॅरिसजवळच्या सँ-दनीचा मठाधीश स्यूझे यानं बाराव्या शतकात लिहून ठेवलं आहे की सणाच्या दिवशी जुन्या चर्चमध्ये इतकी दाटी व्हायची की बायकांना वेदीपर्यंत जायला पुरुषांच्या डोक्यांवरून चालावं लागे, आणि अवशेष दाखवणारे साधू कधी कधी ते घेऊन खिडकीतून पळत. मग त्यानं काय केलं? दारात कर बसवला नाही. दर्शनी भाग नवा करून ११४० मध्ये तीन रुंद दारं उघडली, आणि ११४४ मध्ये वेदीमागे अर्धवर्तुळाकार प्रदक्षिणामार्ग आणि त्याला लागून चॅपलांची माळ असलेला नवा भाग पूर्ण केला. गॉथिक वास्तुकलेची सुरुवात बहुतेक जण तिथूनच मोजतात. असे प्रदक्षिणामार्ग तूलूझ, कोंक, सांतियागो इथल्या यात्राचर्चमध्ये आधीपासून होते. यात्रेकरू एका बाजूनं शिरतो, मागून फिरतो, दुसऱ्या बाजूनं निघतो; मधे उपासना चालू राहते आणि कुणी कुणाला अडवत नाही. नोत्र दामनं डिसेंबर २०२४ मध्ये दारं उघडल्यावर नेमकी हीच रचना वापरली: मधल्या दारातून आत, डावीकडच्या उत्तर बाजूनं पुढे, वेदीमागून वळसा, दक्षिण बाजूनं परत, आणि मधली बाकं बसणाऱ्यांसाठी. ऑनलाइन वेळ राखता येते, तीही मोफत आणि ऐच्छिक. मिस्सा चालू असताना कडेनं माणसं सरकत असतात. आठशे वर्षांपूर्वी ज्या कामासाठी ती वाट बांधली, तेच काम ती करते आहे.

राहिला सर्वांत वजनदार आक्षेप, कलेच्या जपणुकीचा. माणूस नुसता उभा राहिला तरी ढोबळमानानं शंभर वॅट उष्णता आणि ताशी पन्नास ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ सोडतो. हजार माणसं तासभर आत असली तर पन्नास लिटर पाणी हवेत गेलं. त्यात पावसाळी दिवशी ओल्या कोटांची भर वेगळी. भित्तिचित्राला नुसती ओल मारत नाही, ओलीतली चढउतार मारते. भिंतीतले क्षार दमट हवेत विरघळतात, कोरड्या हवेत पुन्हा स्फटिक होऊन फुगतात, आणि प्रत्येक फेरीत रंगाचा थर आतून थोडा ढकलला जातो. लाकडी फलकावरच्या चित्रात लाकूड आकसतं-फुगतं, वरचा खडूचा अस्तर तितका ताणला जात नाही, आणि रंगाची खपली उठते. मध्ययुगीन काचेत पोटॅशचं प्रमाण जास्त, म्हणून आतल्या बाजूला साचलेल्या दवानं ती खात जाते. हे सगळं खरं आहे. पण यातलं काय पाच युरोंनी थांबतं? लूव्रचं तिकीट २०२४ मध्ये २२ युरो होतं आणि त्या वर्षी तिथं सुमारे ८७ लाख माणसं आली. जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्यांना, म्हणजे तुम्हाआम्हाला, ३२ युरो पडतात, आणि मोना लिसासमोरची झुंबड काही पांगलेली नाही. किंमत वाढवली म्हणून माणसं कमी श्वास घेत नाहीत.

काय थांबवतं ते इटलीतल्या पादोव्हात पाहावं. जोत्तोनं १३०३ ते १३०५ या काळात रंगवलेलं स्क्रोव्हेन्यी चॅपल १८८०-८१ मध्ये नगरपालिकेनं विकत घेतलं. तिथं आरक्षणाशिवाय शिरता येत नाही. एका वेळी पंचवीस माणसं. त्यांना आधी काचेच्या बंद खोलीत पंधरा मिनिटं बसवतात, तेवढ्यात कपड्यांवरची धूळ आणि दमटपणा यंत्रणा ओढून घेते आणि आतलं तापमान-आर्द्रता जुळते. मग एक दार बंद झाल्यावरच दुसरं उघडतं, आणि आत पंधरा मिनिटं. उशीर झाला तर तुमची तुकडी गेली. त्या बसायच्या पंधरा मिनिटांत तिथला माहितीपट पाहण्यापेक्षा चित्रांचा क्रम डोक्यात बसवून घेतलेला बरा: वरची ओळ मेरीच्या आईवडिलांची आणि तिची, मधली आणि खालची येशूची, आणि दारावरच्या भिंतीवर अंतिम न्याय. नाहीतर आत पहिली पाच मिनिटं निळं छत बघण्यात जातात. या व्यवस्थेला पैसे लागतात, तिकीट घ्यायलाच हवं, आणि कुणी त्याविरुद्ध बोलतही नाही. कारण ही जागा मर्यादित आहे हे उघड दिसतं, आणि चित्र वाचवतो तो आकडा पंचवीसचा आहे.

बेल्जियममधल्या गेंटनं या दोन्ही गोष्टी एका छताखाली बसवल्या. सेंट बाव्हो कॅथीड्रलमध्ये फिरायला पैसे लागत नाहीत. व्हान आयक बंधूंचं १४३२ मध्ये पुरं झालेलं वेदीचित्र पाहायचं तर तिकीट आणि ठरलेली वेळ. २०२१ पासून ते एका प्रशस्त चॅपलमध्ये, हवा नियंत्रित केलेल्या काचपेटीत आहे. ही कडकाई उगाच नाही. एप्रिल १९३४ मध्ये एका रात्रीत त्याचा 'न्यायी न्यायाधीश' नावाचा फलक चोरीला गेला, तो आजतागायत सापडलेला नाही. त्या जागी आहे ती नक्कल. २०१२ पासून चित्राची सफाई टप्प्याटप्प्यानं होत आली आहे, म्हणून जाण्याआधी कुठले फलक जागेवर आहेत हे विचारून घ्यावं. या व्यवस्थेत काही गमावलंही आहे. चित्रातला प्रकाश उजवीकडून पडतो, कारण ते ज्या लहान चॅपलसाठी केलं तिथली खिडकी उजवीकडे होती. नव्या जागेत तो संवाद तुटला. सुरक्षेची ती किंमत आहे आणि ती मान्य करावी लागते. पण ती एका चित्रानं मोजली, सगळ्या चर्चनं नाही. इटलीच्या बिशप परिषदेनं २०१२ च्या टिपणात हीच रेषा आखली होती: चर्चमध्ये प्रवेश मोफत, तिकीट घ्यायचंच तर तळघर, खजिना, घंटामनोरा, ओसरीचा चौक किंवा स्पष्टपणे वेगळं असलेलं एखादं चॅपल यांचं. खुद्द नोत्र दामचे मनोरे सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा उघडले ते सोळा युरोंच्या तिकिटावर, ४२४ पायऱ्यांसाठी. त्यावर कुठेही मोर्चा निघाला नाही.

"मग सेंत-शापेलला कसे पैसे घेता?" असा प्रश्न हमखास येतो, कारण ते नोत्र दामपासून चालत काही मिनिटांवर आहे. उत्तर त्या इमारतीतच आहे. फ्रान्सचा राजा नववा लुई यानं येशूच्या काटेरी मुकुटासाठी ती बांधवली, १२४८ मध्ये तिचा अभिषेक झाला. पंधरा खिडक्यांत १,११३ प्रसंग. वरचा मजला राजाचा आणि त्याच्या जवळच्यांचा, खालचा राजवाड्यातल्या चाकरमान्यांचा. ती जन्मापासून खासगी होती, क्रांतीनंतर तिथली नित्य उपासना थांबली आणि एकोणिसाव्या शतकात काही काळ तिथं कागदपत्रांचं दप्तर ठेवलं होतं. आज ते सरकारी स्मारक आहे. तिकीट तिथं शोभतं.

पैसे भरले की लोक शिस्तीनं वागतात, हा समजही तपासून घ्यावा असा आहे. इटलीतल्या असिसीच्या सेंट फ्रान्सिसच्या बासिलिकेत प्रवेश मोफत आहे, छायाचित्रं काढायला बंदी, आणि कुजबुज वाढली की शांततेची सूचना घुमते. २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात तिथलं छत कोसळून चौघे गेले आणि चित्रांचे लाखो तुकडे झाले. ते वर्षानुवर्षं जुळवून परत बसवले. तिथं वचक आहे तो नियमांचा आणि हजर माणसांचा. उलट ज्यानं तिकीट काढलं त्याला वाटू लागतं की आपण गिऱ्हाईक आहोत. मिस्सा असल्यामुळे अर्धं चर्च बंद असेल तर तो परतावा मागतो. आणि मग व्यवस्थापनाला मिस्साची वेळ अडचणीची वाटू लागते. हा बदल हळूहळू होतो, कुठल्याही ठरावाशिवाय.

वेळेची वाटणी मात्र सगळीकडे चालते. वेस्टमिन्स्टर ॲबेत दिवसा तिकीट, पण संध्याकाळच्या गायनप्रार्थनेला कुणीही फुकट जाऊन बसू शकतो. इकडेतिकडे फिरायचं नाही एवढंच. कोर्दोबात सोमवार ते शनिवार सकाळचा साडेआठ ते साडेनऊ हा तास मोफत आहे, आणि खांबांची ती रांग पाहायला तो तासच सर्वांत चांगला, कारण गट आलेले नसतात. पंढरपुरात पदस्पर्श दर्शनाची रांग निराळी, मुखदर्शनाची निराळी. किती वेळ उभं राहायचं ते तुम्ही ठरवता, तुम्ही कोण हे कुणी विचारत नाही. २०२४ मध्ये गाभाऱ्याच्या कामासाठी पदस्पर्श काही आठवडे बंद ठेवलं तेव्हाही मुखदर्शन चालू होतं. जुन्या गोव्यातली चर्च मध्ययुगीन नाहीत, सोळाव्या-सतराव्या शतकांतली आहेत, पण तिथं रेषा बरोबर जागी आहे: बों जेजूस आणि से कॅथीड्रल खुली, आणि हस्तिदंताच्या मूर्ती, चांदीची पात्रं, भरतकामाची वस्त्रं पाहायची तर सांता मोनिकाच्या मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयाचं तिकीट.

लहान चर्चना तर हा सगळा वाद लागूच होत नाही, आणि माझ्या मते खरी काळजी तिथं आहे. इंग्लंडच्या एकट्या नॉरफोक परगण्यात साडेसहाशेहून जास्त मध्ययुगीन चर्च उभी आहेत. रॅनवर्थला पंधराव्या शतकातला रंगवलेला लाकडी पडदा आहे, संतांच्या ओळीच्या ओळी, आणि दार दिवसभर उघडं. तिथं तिकीट खिडकीवर माणूस बसवला तर त्याच्या पगाराएवढेही पैसे जमणार नाहीत. मग दोनच पर्याय उरतात, कुलूप किंवा विश्वास. चोऱ्या होतात हे नाकारता येत नाही. व्हेनिसच्या मादोन्ना देल्लोर्तो चर्चमधून १९९३ मध्ये बेल्लीनी या चित्रकाराची छोटी मादोन्ना, म्हणजे मेरीचं चित्र, गेली ती गेलीच, आणि इंग्लंडमध्ये छतावरचं शिसं उचकटून नेतात, ज्याचा पत्ता पहिल्या पावसात लागतो. पण शिसं रात्री जातं, दार बंद असताना. ब्रिटनमध्ये चर्चचा विमा उतरवणाऱ्या कंपन्याही दिवसा चर्च उघडं ठेवायचा सल्ला देतात, कारण येणारी-जाणारी माणसं हाच फुकटचा पहारा. हलवता येण्याजोगी चांदी तिजोरीत, चित्र भिंतीला स्क्रूनं पक्कं, दानपेटी दगडात बसवलेली आणि रोज रिकामी होणारी, जोडीला कार्ड टेकवून दान देता येईल असं यंत्र, आणि इटलीतल्यासारखी नाणं टाकलं की दोन मिनिटं दिवा लागणारी पेटी. त्या पेटीचा दुहेरी फायदा आहे: पाहणाऱ्याला चित्र दिसतं, आणि उरलेला वेळ चित्र अंधारात राहतं. एक युरोचं नाणं खिशात ठेवायला विसरू नये. नोटा त्या पेटीला चालत नाहीत.

मग चाळीस हजार चर्चच्या छतांचे पैसे कुठून आणायचे? पर्यटकाकडूनच, पण चर्चच्या दारात नव्हे. फ्रान्समध्ये हॉटेलच्या प्रत्येक रात्रीवर मुक्काम-कर आहेच. त्यात थोडी भर घालून ती रक्कम गावचर्चच्या दुरुस्तीला बांधून द्यावी. वसुलीची यंत्रणा तयार आहे, अडथळे उभारावे लागत नाहीत, १९०५ चा कायदा बदलावा लागत नाही, आणि महागड्या हॉटेलात उतरणारा जास्त देतो. व्हेनिसनं एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून पाच युरो घेणं सुरू केलं, तेही शहरात शिरण्याचे, कुठल्या चर्चमध्ये शिरण्याचे नव्हेत. यावर आक्षेप येईल की ज्यानं एकही चर्च पाहिलं नाही त्यानं का द्यायचं? कारण त्यानंही ते पाहिलेलं असतं. गाडीच्या खिडकीतून दिसलेलं गाव, टेकडीवरचा मनोरा, हॉटेलच्या जाहिरातीतलं छायाचित्र, हे सगळं त्या गळक्या छताखालच्या इमारतीमुळेच उभं आहे, आणि त्याच्या खोलीचं भाडंही थोडंफार त्यावरच ठरलेलं आहे.